उसनं

वडगावात, मागांच्या शेडवर
एक पत्र्याची खोली आहे.
मंगळवारी आणि शुक्रवारी मी तिथं इंग्रजी शिकवते.
खाली खटखट चालू, म्हणून
'हिअर' आणि 'लिसन' मी फळ्यावर लिहीतच नाही.
माग चालतो, ते हिअर.
एक माग मध्येच थांबतो
आणि कांबळी मालक हातातला चहा तसाच धरून मान वर करतात,
ते लिसन.

बॉरो आणि लेंड मात्र तीन शुक्रवार झाले.
एक घेणं, एक देणं, म्हटलं. सोपं आहे.
गजानन टोपगी उठला,
उद्यमबागेत फौंड्रीत त्याचा इंटरव्ह्यू होता,
नवा शर्ट, बटणाला अजून दुकानाचा दोरा.
म्हणाला, 'टीचर, लेंड युअर पेन फ्रॉम यू.'
मी मान हलवली.
'मग बॉरो मी युअर पेन?'
त्यातला 'मी' तेवढा दोन्ही भाषांत माझाच.

कस्तुरी हंपण्णावरला विचारलं. तिच्या घरात कन्नड.
तिनंही तेच वाक्य म्हटलं,
तसाच हात पुढं करून.

बावीस वर्षं चुका तपासते मी.
मराठीतून आलेली चूक कुठली, कन्नडमधून आलेली कुठली,
वही न उघडता सांगते.
ही एक सांगता येईना.
आमच्यात उसनं, त्यांच्यात कडा.
दे म्हणा, घे म्हणा, शब्द तोच.
वाटी कुठल्या दारातून निघाली
ते वाटीला कुठं ठाऊक असतं?

'अक्का, तुमी काय बी लिवा,' कस्तुरी म्हणाली,
'परत केलं की झालं की.'
अक्का.
हा शब्द कुणी कुणाला लेंड केला
ते मी विचारलं नाही.
हिशेब निघाला तर कुणीतरी परत मागेल.

जाताना शशिकलानं जिन्यात थांबवलं.
बॉर्डर आणि बाउंड्री एकच काय?
माझ्या वहीत अर्धं पान तयार होतं,
नकाशा, कुंपण, क्रिकेट.
ती म्हणाली, 'बॉर्डर म्हणजे काठ न्हवं? आई भरती त्यो?'
मी हो म्हटलं आणि वही पिशवीत ठेवली.

गजानन त्यानंतर आला नाही.
लागला असेल, किंवा नसेलही.
माझं निळं पेन त्याच्याकडं आहे.
लेंड केलं होतं की गिव्ह,
त्या दिवशी
मी स्पष्ट केलं नव्हतं.