ऊन किती तास?

नर्सरीतल्या दस्तगीरभाईंनी आधी एवढंच विचारलं,
"ऊन किती तास येतं, मॅडम?"

हातात यादी होती: डेलिया, शेवंती, अ‍ॅस्टर,
आणि खाली दोनदा अधोरेखित, काहीतरी लाल.
उत्तर नव्हतं.

सव्वीस वर्षं माची पेठेत राहते,
अजिंक्यताऱ्याच्या अगदी पायाशी.
सव्वीस वर्षं ट्रेझरीत, दहा ते सहा.
अंगणात ऊन कधी येतं, कुठून जातं,
ऑडिटलासुद्धा कुणी विचारलं नव्हतं.

मार्गशीर्षात खडू घेऊन बसले.
निवृत्त होऊन तेरावा दिवस.
पावणेदहा: गडाच्या खांद्यावरून पहिली तिरीप
धुण्याच्या दगडावर. फुली.
अकरा: तुळशीच्या कट्ट्याला टेकलं. फुली.
साडेबाराला सगळं अंगण, चपलांसकट.
पावणेतीनला शाळा सुटल्यासारखी
सावली धावत पायऱ्या उतरून आली.

शेजारच्या अक्काताई शेडगे कुंपणावरून म्हणाल्या,
"एकट्याच लंगडी खेळताय व्हय?"

आठ दिवसांत फरशीवर वाकडातिकडा नकाशा झाला.
मधला तुकडा उन्हाचा,
बाकी सगळा गडाचा मुलूख.
लाइट बिलाच्या पाठीवर तो उतरवून घेतला
आणि पुन्हा गोडोलीला गेले.

दस्तगीरभाईंनी चष्मा कपाळावर सरकवला.
"डेलिया विसरा. त्याला सहा तास ऊन,
वर काठीचा टेकू, वर तुमचं लक्ष.
शेवंती न्या, बारीक गोंड्याची पिवळी,
पाच तासांत संसार करते.
अबोली सावलीच्या कडेला.
आणि ही निळी कोरांटी. काटे आहेत,
कुणी विकत घेत नाही. दहा रुपये द्या."

मग संक्रांतवेल.
"भिंतीवर सोडा, ऊन ती आपलं आपण शोधेल.
यंदा फुलणार नाही, पुढच्या पौषात.
आणि फुलली की सगळा केशरी भार
पलीकडे, शेजाऱ्यांच्या अंगणात. चालेल?"
मी थोडा वेळ घेतला.
चालेल म्हटलं.

राहिला न्हाणीघरामागचा कोपरा.
नकाशात तिथे मी काहीच काढलं नव्हतं.
ऊन नाही. रस्त्यावरचा दिवासुद्धा
भिंतीला अडून तिथवर पोचत नाही.
त्या जागेची मला लाजच वाटायची,
पाहुण्यांना तिकडे जाऊ देत नसे.

"दिवसा उजेड तरी?"
"समोरच्या चुन्याच्या भिंतीवरून परतून येतो तेवढा."

ते आत गेले, एक कुंडी घेऊन आले.
पॉइन्सेटिया. नुसता हिरवा, पोरसवदा.
"याला रात्र लागते. सलग चौदा तास.
मध्ये कुणी दिवा लावला की रुसतं.
पोवई नाक्यावर एका हॉटेलवाल्यानं नेलं,
दारात, झगमगाटात ठेवलं.
तीन वर्षं झाली, हिरवंच आहे.
तो मला शिव्या देतो."

तेव्हापासून न्हाणीघराचा बल्ब काढून ठेवलाय.
रात्री उठले तर डावा हात भिंतीवर,
सात पावलं, मग उंबरा.
दोनदा बादलीला ठेचकाळले.
शेवंती फुलली, तिचे तीन गजरे झाले.
अबोली नेहमीप्रमाणे गप्प राहून फुलत राहिली.
कोरांटीनं मला ओरबाडलं,
आणि त्याच दिवशी चार फुलं दिली.

आज रथसप्तमी.
अंगणात गोवऱ्या पेटवल्या, वर बोळकं,
दूध उतू जाण्याची वाट बघत बसले.
पहिली तिरीप आली ती
खडूच्या फुलीआधी चांगली वीतभर.
ऊन सरकलंय. फुल्या पुन्हा काढायला हव्यात.

खडू आणायला मागच्या दारानं गेले
तर कोपऱ्यात, शेंड्याच्या दोन पानांवर,
देठापासून शिरेशिरेनं
लाल चढत होतं.

दूध कधी उतू गेलं, कळलं नाही.
अक्काताईंना अजून सांगितलेलं नाही.