उसनी ओहोटी

जैतू तांडेल शीळ घालायचा
आणि समुद्र मागे सरायचा.
खोटं सांगत नाही. तर माझी होती,
तळाशील ते सर्जेकोट, माणशी चार आणे,
आणि त्या शिळेनं माझी होडी
कितीदा तरी भर खाडीत चिखलावर बसवली.
उतारू आत, मी वल्ह्याला टेकून,
आणि हा पठ्ठ्या पायातल्या वहाणाही न काढता
कोरड्या तळावरून चालत पलीकडे,
कानावर सुरंगीचं फूल,
जाता जाता विचारणार,
"काय रे बुधाजी, होडी सुकत घातलंस?"

मी हसायचो. त्याच्यावर रागावणं जमत नसे.
देवमाशाच्या पाठीवर मांडी घालून
तो मालवणच्या बाजारात विड्या आणायला जायचा.
वादळ आलं तर म्हणायचा, "उद्या ये, आज झोप येता,"
आणि वादळ ओशाळून गोव्याकडे वळायचं.

द्वारकीला मात्र हिशेब यायचा.
मुळे काढणाऱ्या बायकांत तिचा शब्द शेवटचा.
तिथीची पाऊणपट, बोटांच्या पेरांवर:
चौथीला तीनची भरती, अष्टमीला सहाची.
"आता निघा गो," म्हणाली की टोपल्या उचलायच्या.
ती त्याला सांगे,
"ही ओहोटी उसनी आसा, जैतू.
मी मोजतंय. दर्यो पण मोजता."
तो तिच्या केसांतली वाळू झटकत म्हणे,
"दर्यो माझो कुत्रो."

लग्नाला आठ दिवस असताना, पुनवेला,
पैज लागली. कशावरून, आता आठवत नाही,
बहुधा माझ्याच चार आण्यांवरून.
पंधराची पाऊणपट, सव्वा अकरा.
उधाणाचं पाणी माझ्या खुंटाला चाटत होतं
आणि यानं दोन बोटं तोंडात घातली.

खाडी तळापर्यंत उघडी पडली.
शेंगट्या, तांबोशा, शेपट्या आपटणारं रुपं,
कुणाचा तरी गंजका नांगर,
गेल्या शिमग्यात हरवलेलं माझं वल्हं.
बायका-पोरं टोपल्या घेऊन धावली.
कोण नाही धावणार?
द्वारकी काठावर पेरं मोजत उभी.
मग मोजणं अर्धं टाकून तीही आत शिरली,
मासे वेचायला नाही,
एकेकीला दंडाला धरून बाहेर ओढायला.

शीळ तुटू द्यायची नसते, एवढाच नियम.
काठावरच्यांनी टाळ्या वाजवल्या
आणि जैतू मुजरा करायला वाकला.

दोन वर्षं अडवलेलं पाणी आलं.
गर्जत वगैरे नाही,
सावकार येतो तसं, चपला दाराशी काढून.

मी होडी लोटली. सगळी मिळाली.
शेवटी द्वारकी, नाकातोंडात वाळू,
मुठीत कुणाच्या तरी पोराचं मनगट.

जैतूनं पुन्हा शीळ घातली.
पाणी हललं नाही.
तरी हसला. म्हणाला,
"मेला काय कोण? उगाच भितंस."

ती त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिली,
माणूस चंद्र बघतो तशी, तिथी ओळखायला.
मग पदर पिळला, कनवटीचे चार आणे सोडले,
ओले, माझ्या तळहातावर ठेवले.
"पलीकडे सोड, बुधाजी."
मी वल्हवत होतो म्हणून मला हा काठ दिसत होता.
तिनं मान वळवली नाही.

तो म्हणाला, येईल.
तो म्हणाला, तिनंच यावं.
आता होडीला इंजिन आहे, भाचा चालवतो,
वीस रुपये घेतो. जैतूला फुकट नेईन म्हणतो.
पण समुद्र हटवणारा माणूस
माझ्या फळकुटावर कसा बसेल?
देवमासाही हल्ली इकडे फिरकत नाही.

संध्याकाळी वारा पलीकडून असला
की खाडीवरून आवाज येतो,
"आता निघा गो."
तिकडे टोपल्या उचलल्या जातात.
इकडे, कुणी बघत नाही असं समजून,
जैतू वहाणा हातात घेतो
आणि दोन पावलं मागे सरतो.