लाल डोळा

माझ्या दुकानाची पाठ हाकोदातेच्या बंदराकडे.
इथल्या पावत्यांनाही खारट वास येतो.
परवा, बर्फ थांबल्यावर, इसुरुगीबाई आल्या;
आजारी मांजर आणावं तसं
कापडात बांधून यंत्र आणलं.

"डिस्क आत घेतं," म्हणाल्या,
"आणि विचार करत बसतं."

झाकण काढलं. बिघाड एवढासाच,
निळा किरण म्हातारा झाला होता.
पण यंत्र त्या घराण्यातलं,
ज्याने मैदान सोडलं आणि नावही.

मी समजावत बसलो:
प्रकाश दोघांचाही निळाच, बाई.
भांडण होतं खोलीचं.
एकाने अक्षरं ठेवली जुन्या डीव्हीडीइतकीच खोल,
दोन चकत्यांच्या मध्ये, पोटात.
दुसऱ्याने अगदी कातडीखाली,
नख लागलं तर दुखेल इतकी वर.

"आणि जिंकलं कोण?"
कातडीवाला.
"हं," म्हणाल्या, आणि हातमोजे काढले.

नवं यंत्र लावून दाखवलं.
त्यात जुन्यांसाठी एक लाल डोळा राखून ठेवलेला असतो.
नातीच्या बालवाडीतलं संमेलन, वीस वर्षांचं,
टुणकन उभं राहिलं पडद्यावर,
एक ससा रडत, बाकीचे नाचत.
मग त्यांनी पिशवीतून दुसरी काढली.
तेवढीच बारा सेंटिमीटर, तसंच भोक,
उन्हात धरली तर तसेच रंग.
यंत्राने ती फिरवली, हुंगली,
आणि जीभ बाहेर काढावी तशी परत केली.

जुन्याला जागा आहे.
हरलेल्याला नाही.

"काय आहे हिच्यात?"
"बातम्या. म्हाकुळाचा हंगाम सुरू झाला त्या रात्रीच्या.
बाई माइक धरून बोलतेय
आणि मागून हे जातात. काखेत होडीचा दिवा.
एकोणीस सेकंद.
तेवढ्यासाठी यंत्र घेतलं त्यांनी. दुकानदार म्हणाला होता,
हेच टिकणार."

दुकानदार
मीच होतो.
त्यांना ते आठवत होतं की नाही, कळलं नाही.
मी स्क्रूड्रायव्हर शोधत राहिलो,
तो हातातच होता.

रात्री साडेआठला तोकुजी इसुरुगी
डावीकडून उजवीकडे गेले.
बाईंनी पुन्हा लावायला सांगितलं नाही.
पिशवीची गाठ मारता मारता विचारलं,
"आता हे किती दिवस?"

मागच्या फळीवर अशी चार आहेत, म्हणालो,
प्रत्येक वेगळ्या जागी मेलेलं.