ढास

कुताइसीच्या नाट्यगृहात, रंगमंचाच्या पुढच्या कडेला
एक खोकं आहे, अर्धं जमिनीत गेलेलं.
तेहतीस वर्षं मी त्यात बसते.
प्रेक्षकांना दिसते खोक्याची कासवासारखी पाठ,
नटांना दिसते मी, गळ्यापासून वर.
ऐकू न जाणं हीच माझी नोकरी.
घरी नवऱ्याकडे मीठ मागते
तेसुद्धा कुजबुजून.

फेब्रुवारीत डॉक्टर नानुलीनं दंडाला पट्टा आवळला.
वरचं एकशे ऐंशी, खालचं एकशे पाच.
म्हणाली, लामारा, रोज सकाळी एक गोळी, चुकवायची नाही.
चुकवली नाही.
पंधराव्या दिवशी घशात कुणीतरी
कोरडं पीस फिरवायला लागलं.

कफ नाही, ताप नाही, नुसती ढास.
मध झाला, अक्रोडाच्या पानांचा काढा झाला,
शेजारीण म्हणाली, दृष्ट असेल.
दिवसभर एखादवेळ, आणि उबळ नेमकी तिसऱ्या अंकात,
म्हातारा राजा मुलाच्या प्रेताशेजारी बसतो तिथे,
सगळं सभागृह श्वास धरून असतं तेव्हा.
तोंडात रुमाल कोंबला. डोळ्यांना धारा.
तरी एक सुटलीच.

राजा म्हणजे अनझोर. वय एकाहत्तर.
त्या जागी तो हल्ली अडखळायचा,
हे त्याला आणि मला ठाऊक.
ढास ऐकून त्यानं मान उचलली
आणि ओळ आली.
दुसऱ्या प्रयोगाला तिथेच. तिसऱ्यालाही.
मग तो वाटच बघायला लागला.
लोक म्हणायचे, काय जीवघेणी शांतता घेतो हा माणूस!

तिसऱ्या रांगेतून चिठ्ठी मात्र गेलीच:
खोकणाऱ्या बाईला घरी पाठवा.

नानुली हसली. अगं, ती गोळी खोकते आहे, तू नाहीस.
दुसरी दिली.
तीन आठवड्यांत घसा काचेसारखा स्वच्छ,
आणि पाय मात्र भिजलेल्या पावासारखे.
घोट्यावर बोट दाबलं तर खळगा
कितीतरी वेळ तसाच.
प्रेशर एकशे तीस. तक्रार कुणाकडे करू?
खोक्यात बूट काढून बसते,
गळ्याखालची मी कुणाला दिसते!

काल तिसरा अंक. राजा बसला.
थांबला. थांबूनच राहिला.
मी ओळ दिली, स्पष्ट, नेहमीसारखी.
पोचली नाही.
पुन्हा दिली.
तो माझ्याकडे बघतोय, आणि डोळ्यांत राजा नाही,
रस्ता चुकलेला एक म्हातारा.

मग मी खोकले.
मुद्दाम. भिकार नटीसारखी.

ओळ आली.

पडदा पडल्यावर उठले तर भोवळ,
खोक्याची कड धरून उभी राहिले, अनवाणी.
अनझोरनं माझे पाय बघितले,
काही न बोलता पाठ फिरवली, अंगरखा वर धरला.
राजाचे उंच बूट, मागून टाचेपर्यंत कापलेले,
फटीतून घोटे फुगून बाहेर.
दोन महिने झाले, म्हणाला. पांढरी गोळी, मधे रेघ असलेली?
मी मान हलवली.
उद्या, म्हणाला, जरा लवकर खोक.