किती वाजले

मुलाखतीत विचारलं, हेच काम का?
घोकून आणलेलं सगळं विसरले.
म्हटलं, एकोणीस वर्षं मांसाच्या कारखान्यात
पट्ट्यासमोर उभी होते,
समोरून जे यायचं ते कधी काही बोलायचं नाही.
टेबलापलीकडची लोर्ना बिअर्डी हसली नाही.
कानामागे पेन्सिल खोचत म्हणाली,
इथेही पुष्कळ दिवस कोणी बोलणार नाही तुझ्याशी.
सोमवारी ये. बूट चांगले घे.

त्याआधी दोन वर्षं रात्रीचं कॉलेज.
एक्केचाळिसाव्या वर्षी पाठीला दप्तर,
दप्तरात समुपदेशनाचं जाडजूड पुस्तक,
आणि त्यात, चौकटीत, ऐकण्याचे पाच टप्पे.
डॅनिलो, माझा मुलगा, भांडी विसळता विसळता
माझी उजळणी घ्यायचा.
तिसऱ्यापाशी मी दरवेळी अडखळायचे,
आठवत नाही म्हणून बडबडत सुटायचे.
तिसरा होता: गप्प राहा.

विनिपेगचा जानेवारी. उणे चौतीस.
नाकातले केस काटक्यांसारखे कडक होतात.
मेन स्ट्रीटवर बसथांब्यांच्या काचेच्या खोल्यांत
माणसं राहतात,
गोधड्या, ढकलगाडी, एका ठिकाणी मांजरसुद्धा.
लोर्नाने पहिल्याच रात्री शिकवलं: आधी काच वाजवायची.
दार नाही म्हणून काय झालं, घर आहे ते.
वाजवायची, थांबायचं.
हूं आलं तर वाकायचं.
नाही आलं तर काच बघायची आतून,
वाफ धरली असेल तर माणूस आहे.
नसेल तर मग धावायचं.
थर्मास उंबऱ्यापाशी ठेवायचा.
उंबरा नसतोच तिथे,
पण कुठे असायला हवा ते ठेवताना हाताला कळतं.

हिगिन्सच्या कोपऱ्यावर वेल्डन फ्लेट.
सात आठवडे त्याने सूप घेतलं नाही, मोजे घेतले नाहीत,
निवाऱ्याचं नाव काढलं की भिंतीकडे तोंड.
एवढंच विचारायचा,
किती वाजले?
नऊ दहा. सव्वाअकरा. बाराला चार कमी.
मान हलवायचा, उसनवारीचा हिशेब जुळल्यासारखी.

ऑफिसातल्या फॉर्मवर रकाना आहे, आजची प्रगती.
मी तिथे वेळ लिहायचे.
साहेब म्हणाले, हे काय, रेल्वेचं वेळापत्रक?
लोर्ना म्हणाली, राहू द्या.

फेब्रुवारीत एका रात्री व्हॅनचं दार गोठलं.
मी बाहेर, किल्ली आत, आणि लोर्ना दोन गल्ल्या पलीकडे.
लाथा मारून झाल्या, देवाचं नाव घेऊन झालं.
तेव्हा तो उठला.
पहिल्यांदाच पाहिलं, किती उंच आहे.
दाराच्या फटीवर दोन्ही तळवे दाबून उभा राहिला,
घाई न करता,
मग खांद्याने एक हलका धक्का.
उघडलं.
तेवढ्यात पुलावरून मालगाडी गेली,
लांबच लांब, डब्यामागून डबा,
आणि तो मोजत राहिला.
शेवटचा डबा गेल्यावर म्हणाला, किती वाजले?
सांगितले.
अकरा मिनिटं उशीर, तो म्हणाला. माझ्या वेळी असं चालत नसे.
ट्रान्सकोनाच्या यार्डात बावीस वर्षं, रात्रपाळी.

एवढ्या दिवसांत मला वाटत होतं,
मी त्याची विचारपूस करतेय.
तो आपला गाड्यांची करत होता.

मग सूप घेतलं. चव बघून म्हणाला, मीठ कमी.
नाव काय तुझं?
लिगाया.
लिगाया, मीठ कमी आहे.

मार्चमध्ये पालिकेने तो थांबाच उचलून नेला.
काच, बाक, पत्रा, सगळं.
खाली चौकोनी काँक्रीट उरलं, आजूबाजूच्यापेक्षा स्वच्छ.
वेल्डन कुठे गेला, कोणाला माहीत नाही.
निवाऱ्यांत विचारलं, इस्पितळांत विचारलं,
लोर्नाने त्याच्या उत्तरेकडच्या नातलगांना फोन केले.

माझी फेरी अजून तिथूनच जाते.
वाजवायला काही नाही, तरी थांबते.
काल गाडी गेली तेव्हा घड्याळ पाहिलं.
चार मिनिटं उशीर.
रकान्यात लिहिलं.
साहेबांनी या वेळी काही विचारलं नाही.