सकर्मक

फळ्यावर लिहिलं: क्रश.
आठवी ब, तिसरा तास, पत्र्यावर
डोंगरावरच्या क्रशरची राखाडी धूळ.
शब्दकोशात एकच अर्थ दिलेला, चिरडणे,
जणू आपल्याकडे तेवढाच होता.

म्हटलं, घरी काय काय म्हणता ते सांगा.
मिरची ठेचतात. दाणे कुटतात.
हरभरा भरडतात, भाकरी दुधात कुस्करतात.
आलं मात्र चेचायचं, बाई,
ठेचलं तर चहाला चव येत नाही,
शबनम मुजावर म्हणाली, अगदी खात्रीनं.
ढेकूण चिरडतात, कागद चुरगळतात.
आणि कारखाना?
कारखाना ऊस गाळतो.
इंग्रजी पेपरात तोही क्रशच होतो म्हटल्यावर
पोरं गप्प झाली, उसाची कीव आल्यासारखी.
मागच्या बाकावरून कुजबुज,
क्रश म्हणजे नववी अ मधली ती.
ते नाम झालं, मी म्हटलं,
आपण क्रियापदावर आहोत.

सिद्राम धोत्रे शेवटी उठला.
क्रश म्हणजे आधी डबर,
मग चाळीस एमेम, वीस, बारा, सहा,
आणि तळाला डस्ट.
बाकी सगळं विकतात.
डस्ट घरी फुकट येते.

मी व्याकरणाकडे वळले.
हे सकर्मक क्रियापद, कर्म हवंच.
नुसतं 'तो चिरडतो' म्हणून वाक्य उभं राहत नाही
काय, कुणाला, हे सांगितल्याशिवाय.
वहीत घ्या.
त्यांनी घेतलं.

पुढच्या आठवड्यात सिद्राम नव्हता.
गुरुवारी त्याची आई आली, यल्लव्वा,
पदराच्या गाठीतून
मिरजेच्या दवाखान्याचा कागद सोडवत.
मालकाच्या हाताला काय झालंय ते लिवलंय म्हणं.
वाचा की.

डॉक्टरचं अक्षर कसलं, पण तो एक शब्द स्वच्छ होता,
आणि पुढे: उजवा, मनगटापासून खाली.

माझ्या वहीत वीस-पंचवीस क्रियापदं होती, पोरांनी दिलेली,
प्रत्येकाला कुणाच्या ना कुणाच्या चुलीचा वास.
त्यातलं एकही
हाताशेजारी ठेवता येईना.
तीच म्हणाली, हात गेला.
मुकादम तसंच म्हणाला होता, शेजारीणही.
हात गेला.
जणू सकाळी उठला
आणि जतच्या एसटीत जाऊन बसला.
अकर्मक. कुणी काही केलेलं नाही.

भरपाईचा अर्ज माझ्याकडूनच लिहून हवा होता.
लिहिला. पट्टा बंद न करता
अडकलेला दगड हातानं काढायला लावला, असं,
आणि लावणाऱ्याचं नाव
कर्त्याच्या जागी, अगदी पहिला शब्द.
वाचून दाखवला.
तिला वाचता येत नाही,
तरी बोट बरोबर त्या नावावर आलं.
एवढं काढा, बाई.
सोमवारपासनं मला घेणार हायती तिथं, चाळणीवर.

मी खोडलं. वाक्य फिरवलं,
दर वर्षी साठ पोरांकडून फिरवून घेते तसं:
कर्म पुढे, कर्ता मागे,
कर्ता सांगायचा नसेल तर गाळावा.

गाळावा.
हेही त्याच यादीतलं.

तिनं खाली अंगठा दिला. उजवा.
शाईचं बोट पुसायला मी खडूचं फडकं दिलं,
दुसरं काही नव्हतं.

सोमवारी सिद्राम आला.
प्रयोग बदला, दहा वाक्यं.
नऊ त्यानं नीट केली.
दहाव्याला 'दगड फोडला' याच्यापुढं
'गेला' लिहून
पुढे एक कोरी जागा सोडली होती, खाली पट्टीनं रेघ मारून,
रिकाम्या जागा भरा असतं तशी.

मी तिथं खूण केली नाही,
बरोबरची नाही, चुकीची नाही.
वही मिटून गठ्ठ्यावर ठेवली.
बोटांना राखाडी लागलं.
खडू तर पांढरा असतो.