कान झाकून

क्लाक्सविकच्या मासळी कारखान्यात
पट्ट्यावर उभं राहायचं तर कान झाकावे लागतात.
पिवळ्या प्लास्टिकच्या दोन वाट्या, आत स्पंज.
सकाळी सहाला त्या चढवल्या
की यंत्रांची घरघर दूर जाते, पलीकडच्या बेटावर गेल्यासारखी,
आणि उरतो आपल्याच रक्ताचा आवाज.

पहिल्या वर्षी मला वाटायचं, हाच तो.
रविवारी उठून तशी साक्ष देणारच होते.
मंडळीचे वडील तुम्मास म्हणाले,
"सुन्नेवा, आधी रक्तदाब तपासून घे."
तो खरंच वाढलेला निघाला.

लहानपणी शिकवलेली गोष्ट अशी:
एक मुलगा रात्री हाक ऐकून तीनदा उठतो,
तीनदा चुकीच्या माणसाकडे धावतो.
बाई नेहमी चौथ्या हाकेवर भर द्यायच्या.
मला मात्र पहिल्या तीनच जवळच्या वाटतात.
गार फरशी, अनवाणी पाय,
आणि झोपमोड झालेला म्हातारा:
मी नाही बोलावलं बाळा, जा, झोप.

मीही धावलेय तशी.
एका हिवाळ्यात हात धुताना मनात स्पष्ट आलं,
हानुसकडे जा. सूप ने.
वारा असा की गाडीचं दार दोन्ही हातांनी धरावं लागलं.
हानुसने दार उघडलं. मिशीला लोणी,
आत टीव्हीवर फुटबॉल.
"जेवलोय मी. तुला कुणी सांगितलं मी उपाशी आहे म्हणून?"
काय सांगणार होते?
पातेलं घेऊन परत आले, तीन दिवस तेच सूप खाल्लं,
आणि प्रार्थनेत तुझ्याशी जरा तुटकच बोलले.

तू काही बोलला नाहीस.
तू बहुतेक वेळा बोलतच नाहीस, हे एकदाचं म्हणून टाकते.
घर विकू का विचारलं, तेव्हा नाही.
आईच्या नळ्या काढायच्या का, तेव्हा तर मुळीच नाही.
त्या रात्री किनाऱ्यावर एक पक्षी ओरडत होता,
त्यातून अर्थ काढायचा नाही असं मी ठरवलं.

मग लुझविमिन्दा आली, फिलिपिन्सहून,
पट्ट्यावर माझ्या समोर.
तिला फारोई येत नव्हती, मला तिची भाषा,
आणि आली असती तरी कान झाकलेलेच.
तिथे आम्ही सगळ्या चेहऱ्याने बोलतो.
भुवई वर, म्हणजे सुरी बोथट झाली.
ओठ आत ओढले की समजायचं, मुकादम मागे उभा आहे.
काटे काढता काढता दोन वर्षं गेली
आणि कधी वर बघायचं ते मान खाली असतानाही कळायला लागलं.
कसं, ते विचारू नका.

नोव्हेंबरातल्या एका मंगळवारी मी वर पाहिलं.
वाणी नव्हती. छातीत ऊब वगैरे नाही.
कॉडच्या पोटातून काटा ओढताना हात थांबला, बस.
ती नेहमीच्याच जागी, मान खाली,
टोपी भुवयांपर्यंत ओढलेली.
एवढंच की तिच्या सुरीची लय चुकत होती.

मी लाल बटण दाबलं.
सतरा वर्षांत पहिल्यांदा.
पट्टा थांबला, सगळ्यांनी कानांवरच्या वाट्या उचलल्या,
आणि त्या अचानक शांततेत
तिचं रडणं ऐकू आलं.
ती केव्हाची रडत होती, मोठ्याने,
आम्हा सगळ्यांच्या मधोमध.

पहाटे तिला फोन आला होता.
काय म्हणून, ते तिचं तिच्यापाशी.
माझे बावीस मिनिटांचे पैसे कापले गेले.

तो तू होतास का, मला माहीत नाही.
तुम्मास विचारतात तेव्हा मी म्हणते, असावास.
नुसता माझा हातही असेल,
सतरा वर्षं काटे शोधून सवय झालेला.

परवा हानुस दुकानात भेटला.
मिठाच्या पुड्या उगाच खालीवर करत म्हणाला,
"त्या सुपात बटाटे होते का गं?
सहज विचारलं."

सोमवारी करणार आहे. बटाटे घालून.
या वेळी कुणी सांगितलेलं नाही.